विचार पटला, जगणं नाही

वेगळ्या मताशी समाज उशिरा का होईना जुळवून घेतो. आधी विरोध करतो, मग वाद घालतो, पुढे त्याच माणसाची जन्मशताब्दीही साजरी करतो. त्या मताप्रमाणे कुणी घर मांडलं की मात्र गोष्ट अवघड होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याकडे मला या अंगाने पाहावंसं वाटतं. संततिनियमनाचा त्यांचा आग्रह पुढे सरकारी धोरण झाला. त्यांचा संसार मात्र आजही अपवादच आहे.

वेगळं जगण्याची किंमत त्यांनी लहानपणीच पाहिली होती. आईच्या मृत्यूनंतर वडिलांनी, म्हणजे अण्णासाहेब कर्व्यांनी, 1893 साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्यांच्या गावाने, मुरुडने, त्यांना वाळीत टाकलं. रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचे होते. पुढे त्याच अण्णासाहेबांना महर्षी म्हटलं गेलं आणि 1958 मध्ये भारतरत्न मिळालं. मला वाटतं, अण्णासाहेबांचं वेगळेपण समाजाला अखेर सामावून घेता आलं, कारण विधवाविवाह झाला तरी शेवटी तो विवाहच होता. संसार, मुलंबाळं, घराणं यांना त्याने धक्का लागत नव्हता. मुलाने हात घातला तो नेमका तिथे.

र. धों. गणिताचे प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. प्रचार की नोकरी, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा, 1925 मध्ये, विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. जुलै 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे त्यांचं मासिक निघू लागलं आणि ते 1953 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये जो खटला उभा राहिला, त्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले, तरी ज्याला कुणाला विचारायची सोय नाही अशा माणसाला खरं उत्तर मिळालं पाहिजे, हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

हे सारं छापील विचारांचं झालं. घराची गोष्ट याहून कठीण होती. रघुनाथराव आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं, आणि शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. बायकोला उपदेश करून ते मोकळे झाले नाहीत. तो काळ डोळ्यांसमोर आणा. हळदीकुंकवाला, बारशाला, डोहाळजेवणाला ज्या बाईची ओटी रिकामी, तिच्याकडे बायका कशा नजरेने पाहत असतील? नवऱ्याच्या नावाने वर्तमानपत्रांत शिव्या येत होत्या, पण त्या शिव्यांचा घरातला अर्थ मालतीबाईंना रोज झेलावा लागला असणार. वेगळं जगणाऱ्या पुरुषाचं चरित्र लिहिताना त्याच्या बायकोला आपण ‘साथ दिली’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतो. हा अन्याय आहे. तो निर्णय तिच्याही देहाचा होता आणि तिच्याही म्हातारपणाचा.

भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 मध्ये सुरू केला. म्हणजे र. धों. जिंकले, असं म्हणण्याचा मोह होतो. पण सरकारने उचलला तो लोकसंख्येचा आकडा. स्त्रीला कामसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे आणि मूल हवं की नको हे तिनेही ठरवायचं, हा त्यांच्या विचाराचा गाभा मागेच राहिला. आकड्यांच्या मागे लागल्यावर काय होतं ते आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीने दाखवलं. नंतर पुरुषांना हात लावायला राजकारणी घाबरू लागले आणि सगळं ओझं बायकांवर आलं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 15 ते 49 वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. पतीची शस्त्रक्रिया झालेल्यांचं प्रमाण होतं 0.3 टक्के.

वैद्यकशास्त्राच्या हिशेबाने पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी जोखमीची. तरीही सरकारी आरोग्य योजनेची आशा सेविका घरी आली की सासू सांगते, “तिचंच करून टाका, त्याला कष्टाची कामं असतात.” जणू बाळंतीण उठून दोन हंडे पाणी आणते ते कष्टच नाहीत. बाई गप्प असते. नवरा बाहेर ओट्यावर बसलेला असतो, त्याला कुणी विचारतही नाही.

मूल नको म्हणणारी जोडपी आता शहरांत दिसतात. त्यांच्यावर खटला भरला जात नाही. प्रत्येक लग्नात, प्रत्येक सणाला ‘काही गोड बातमी?’ हा प्रश्न मात्र येतो, आणि बहुतेक वेळा तो तिलाच येतो. तिथे त्याने पुढे होऊन ‘हे आम्ही दोघांनी ठरवलंय, आणि ऑपरेशन माझं झालंय’ असं सांगितलं, तर जेवणाच्या पंगतीत काय होईल याची कल्पना आपल्यापैकी प्रत्येकाला आहे. र. धों. जे सुमारे शंभर वर्षांपूर्वी करून बसले, ते चारचौघांत नुसतं बोलून दाखवायलाही आजच्या शिकल्यासवरल्या पुरुषाला धीर गोळा करावा लागतो.