गुळगुळीत

माझ्या लॅपटॉपशेजारी अकीकाची एक चकती असते. चहाचा कप ठेवायला म्हणून चारचा सेट ऑनलाइन मागवला होता. कडेला राखाडी पट्टे, मग पांढरे, मग मधाच्या रंगाचे. बिल्ड चालू असताना मी तिच्याकडे बघत बसतो.

हा दगड पोकळीत जन्मतो. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका त्या पोकळीच्या भिंतीवर थरावर थर बसत जाते. (झाडासारखी वर्षं मात्र या पट्ट्यांवरून मोजता येत नाहीत.) आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याचा, त्याच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्यातून सुटलेले अकीकाचे गोटे गुजरातेत रतनपूरजवळ खणतात आणि खंभातला घडवतात. तिथून जवळच्या लोथलला ४००० वर्षांपूर्वीही या दगडाचे मणी बनत होते.

अकीक इतका कठीण, की चाकूने ओरखडा उठत नाही. म्हणून प्रयोगशाळेतले खल त्याचे करतात. पण कठीण दगडाला चकाकी आणायची तर तो फिरत्या चाकावर घासावा लागतो, आणि घासला की बारीक धूळ उडते. तीही सिलिकाच. ती फुप्फुसात रुतते, तिच्याभोवती व्रण धरतात आणि श्वास आखूड होत जातो. याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. खंभातमध्ये हे काम घराघरांत चालत आलंय, त्यामुळे चाकाला कधी हात न लावलेल्या घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या छातीतही ही धूळ सापडली आहे.

हे वाचल्यावर वाटलं, आता असलं काही घ्यायचंच नाही. रूममेट म्हणाला, "मग त्यांनी खायचं काय?" मला उत्तर सुचलं नाही. खरं तर 'घेणार नाही' म्हणण्यात मला माझेच हात स्वच्छ हवे होते. त्याने कुणाचा खोकला थांबणार नव्हता. धूळ ओढून घेणारा पंखा, चाकावर पाणी, हे उपाय इंजिनिअरिंगच्या दृष्टीने किरकोळ आहेत. त्यांना पैसे लागतात, आणि मी सेट घेतला होता तो सगळ्यांत स्वस्त बघून. वर रिव्ह्यूत पाच स्टार देऊन लिहिलं होतं, "एकदम गुळगुळीत."

माझी चकती कुठल्या गावची, ते खोक्यावर नव्हतं. शेवटी विक्रेत्याला मेसेज केला : दगड घासताना पाणी वापरतात का?

दोन मिनिटांत उत्तर आलं : "हो सर, पाण्याने धुतली तरी चालते."