नवसाच्या पलीकडे

बाळ काचेच्या पेटीत असताना आई विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला किंवा पंढरीच्या विठोबाला नवस बोलते. तुकोबांनी नवसांवर कोरडे ओढले खरे; पण घाबरलेल्या जिवाला ते कोण सांगणार! तरी नवसात अट असतेच : वाचले तर मानीन.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर अडीच किलोंहून कमी वजनाची बाळे नवलाची नाहीत. अशा बाळाला उघड्या छातीशी, अंगाला अंग लावून, तासन्‌तास धरायचे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झालेली ही रीत आपल्याकडेही शिकवतात. बाळाला ऊब मिळते, दूध मिळते. जगेलच, असा शब्द मात्र आईला कोणी देत नाही. ती तरीही धरून बसते. मला श्रद्धा इथे दिसते.

मग शेजारच्या खाटेवरून रिकाम्या हातांनी परतलेली आई? तिची भक्ती कमी पडली म्हणणाऱ्याचा मला राग येतो. गोरोबाकाकांच्या आख्यानात मूल परत मिळते तिथे आपण गजर करतो. त्याआधीचे दिवस संतीने कसे काढले, हे बुवांनी एकदा सावकाश सांगावे.