सत्याची मजुरी

जगांत कांहीं धंदे असे आहेत कीं, त्यांत काम करवून घेणारास तें काम झालें किंवा नाहीं एवढेंच कळतें. तें करण्याची गरज होती किंवा नव्हती, हें त्यास बहुधा कधींच कळत नाहीं. वैद्यानें औषध दिलें व ताप उतरला. परंतु औषधावांचून तो उतरला असता काय, हें रोग्यास कोण सांगणार? वकिलानें चार अर्ज जास्त केले. ते अवश्य होते किंवा कसें, हें पक्षकारानें कशावरून ठरवावें? अशा धंद्यांस समाजानें प्रतिष्ठा दिली, त्यांतील लोकांस शपथा घातल्या, त्यांच्यासाठीं नियम व मंडळें निर्माण केलीं. परंतु आमच्या डोळ्यांदेखत असाच एक धंदा थेट स्वयंपाकघरांत व न्हाणीघरांत येऊन पोंचला आहे, आणि त्याचा नीतीच्या दृष्टीनें विचार करण्याची आवश्यकता मात्र फारशी कोणास वाटलेली दिसत नाहीं. हा धंदा म्हणजे बिघडलेलीं घरगुती यंत्रें दुरुस्त करण्याचा होय.

आम्ही मालाडास राहतों. मुंबईच्या उपनगरांस वीज पुरविण्याकरितां ‘बाँबे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ ही कंपनी १९२९ सालीं निघाली, त्या वेळीं सामान्य घरांत वीज म्हणजे बहुधा दिवा. आज त्याच उपनगरांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतहि पंखा, मिक्सर, फ्रिज, गीझर व कपडे धुण्याचें यंत्र हीं आढळतात. आणि ज्यांस थोडी ऐपत आहे त्यांच्या खिडकीबाहेर एसीचा पेटाराहि लोंबत असतो. या यंत्रांचे मालक आम्ही खरे. परंतु त्यांच्या पोटांत काय आहे याविषयीं आमचें अज्ञान, आमच्या आज्यांस जात्याविषयीं जें ज्ञान होतें त्याच्याशीं ताडून पाहिलें असतां, लाजिरवाणें ठरेल. जातें जड फिरूं लागलें म्हणजे त्यास टांकी लावावयाची, हें त्यांस कळत असे. आणि टांकी लावणारा पाथरवट नीट टांकी लावतो कीं नाहीं, हेंहि त्या पिठावरून सांगूं शकत. आमचें यंत्र थांबलें म्हणजे मात्र आम्ही तें पुन्हां एकदां सुरू करून पाहतों, त्याच्या अंगावर दोन थापा मारतों, आणि मग सोमवार बाजाराकडच्या किंवा कुरार गांवांतल्या एखाद्या चिंचोळ्या दुकानांतील कारागिरास फोन करतों.

या धंद्यांतील पहिली लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, बिघाड जेवढा मोठा दिसतो तेवढें त्याचें मूळ बहुधा मोठें नसतें. छताचा पंखा मंद फिरूं लागला म्हणजे घरधन्यास वाटतें, मोटार गेली. वस्तुतः पुष्कळदां अडीच मायक्रोफॅरडचा एक लहानसा कपॅसिटर अशक्त झालेला असतो. मिक्सर भर वाटणांत बंद पडतो, आणि त्याच्या तळाशीं असलेलें अतिभाराचें बटण थोड्या वेळानें आंत दाबलें कीं पुन्हां चालूं लागतो. मोटार फिरते पण पातें फिरत नाहीं, तेव्हां यंत्र व भांडें यांस जोडणारा कपलर झिजलेला असतो. फ्रिज थंड होत नाहीं व त्याचा कॉम्प्रेसर ‘टक्’ असा आवाज करून थांबतो, तेव्हां दोष कित्येकदां कॉम्प्रेसरचा नसून त्यास चालना देणाऱ्या रिलेचा असतो. गीझरचें पाणी तापेनासें होतें, कारण बोअरिंगच्या जड पाण्यांतील क्षार एलिमेंटवर थरावर थर चढून बसलेला असतो व त्याखालीं तें जळून जातें. या सर्व उदाहरणांत बदलण्याचा भाग स्वस्त आहे. तो कोणता, हें ओळखण्याची विद्या मात्र वर्षानुवर्षें हात काळे केल्यावांचून येत नाहीं. आमच्या सगळ्या विवेचनाचें बीज या एका गोष्टींत आहे.

तें बीज आमच्या लक्षांत कसें आलें, तें सांगतों. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरचें कपडे धुण्याचें यंत्र पाणी बाहेर टाकीना. कारागीर आला. त्यानें यंत्राच्या पायथ्याचें झांकण उघडलें, खालीं परात धरून सांचलेलें पाणी काढलें, पंपापुढील गाळणी फिरवून बाहेर ओढली, आणि तींतून दोन रुपयांचें नाणें, केसांची पिन व गोधडीच्या दोऱ्यांचा गुंता एवढा ऐवज आमच्या हातावर ठेवला. यंत्र चालूं लागलें. सर्व मिळून दहा मिनिटें लागलीं असतील. त्यानें चारशें रुपये मागितले. आम्ही म्हणालों, “दहा मिनिटांचे चारशें? आणि भाग तर एकहि घातला नाहींत!” तो रागावला नाहीं. हात पुसत म्हणाला, “काका, पंप गेला म्हणून सांगितलं असतं, आणि हाच पंप पुसून परत बसवला असता, तर दीड हजार दिले असतेत. दिले असतेत कीं नाहीं?”

आम्ही निरुत्तर झालों. कारण तसे दिल्याची आठवण ताजी होती. आदल्याच उन्हाळ्यांत आमचा एसी नीट थंड करीना, तेव्हां दुसऱ्या एका कारागिरानें ‘गॅस कमी झाला आहे’ असें सांगून गॅस भरला व अडीच हजार रुपये नेले. ते आम्ही चकार शब्द न काढतां दिले. इतकेंच नव्हे, तर त्यास चहाहि पाजला. दोन महिन्यांच्या आंत एसी पूर्ववत् झाला.

या गॅसाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. एसी किंवा फ्रिज यांतील गॅस हा मोटारींतील पेट्रोलाप्रमाणें जळून संपत नाहीं; बंद नळ्यांतून तोच तो पुन्हां पुन्हां फिरत असतो. तो कमी झाला याचा अर्थ नळीस कोठें तरी छिद्र पडलें. म्हणून छिद्र न शोधतां गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरण्यासारखें आहे. शिवाय एसी थंड करीत नाहीं याचें कारण पुष्कळदां गॅस नसून धुळीनें बुजलेली जाळी एवढेंच असतें, आणि ती धुण्यास नळाच्या पाण्यापलीकडे कांहीं लागत नाहीं. परंतु दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मालाडच्या पश्चिमेस खाडी आहे, पलीकडे मार्वे व आक्साचा समुद्र आहे. खाऱ्या हवेनें बाहेर टांगलेल्या पेटाऱ्याच्या नळ्या व पत्रे खरोखरच खातात, आणि गॅस खरोखरच गळतो. म्हणजे ‘गॅस गेला’ हें एकच वाक्य एका घरीं खरें व शेजारच्या घरीं खोटें असूं शकतें. दोन्ही घरीं तें सारख्याच गंभीर मुद्रेनें उच्चारलें जातें, आणि ऐकणारास दोहोंतला भेद कळण्याचें साधन नसतें.

मायकेल डार्बी व एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं नेमक्या याच गोष्टीचा विचार केला. कांहीं वस्तूंचा गुण घेण्यापूर्वीं पारखतां येतो, कांहींचा वापरल्यावर कळतो. परंतु कांहींचा गुण वापरल्यानंतरहि कळत नाहीं व केवळ विश्वासावर मानावा लागतो, असें त्यांनीं दाखविलें. शस्त्रवैद्यानें काढलेलें आंत्रपुच्छ खरोखर रोगट होतें काय, हें त्यांचें उदाहरण. पंपाचें व गॅसाचें त्याच जातीचें. त्यांचा विषय बाजार हा होता, आमचा विषय नीति हा आहे. म्हणून आम्ही त्यांच्या प्रश्नास आणखी एक प्रश्न जोडूं इच्छितों. विकणारास खोटें बोलण्याचा मोह होतो, हें उघड आहे. पण तो मोह उत्पन्न करण्यांत घेणाराचा हात किती?

आमचें उत्तर असें कीं, तो हात थोडा नाहीं. आम्ही वस्तूचे पैसे देतों, ज्ञानाचे देत नाहीं. हातांत धरतां येईल असा नवा पंप दिसला कीं आमचा हात खिशाकडे जातो. ‘कांहीं बिघडलेलें नाहीं, नाणें अडकलें होतें’ असें सत्य सांगितलें कीं तोच हात आंखडतो. ज्या कारागिरानें आमचे अकराशें रुपये वांचविले त्याच्याशीं आम्ही घासाघीस केली, आणि ज्यानें आमचे अडीच हजार बुडविले त्यास चहा पाजला. अशा दहा घरांचा अनुभव घेतल्यावर त्या पहिल्या माणसानें काय शिकावें? खरें बोलण्यास दंड व खोटें बोलण्यास बक्षीस, असा नियम आपल्या दारावर लावून मग जगांत प्रामाणिकपणा उरला नाहीं म्हणून हळहळणें, हें न्यायाचें नव्हे.

यावर कोणी म्हणेल कीं, अशानें लबाडाचें समर्थन होतें. तसें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. मोह होता म्हणून चोरी क्षम्य ठरत नाहीं. आणि निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या एकट्या वृद्ध बाईस नको असलेला कॉम्प्रेसर विकणारा मनुष्य, गिऱ्हाइकें घासाघीस करतात एवढ्या सबबीवर निर्दोष सुटूं शकत नाहीं. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागांत सॉक्रेटिस असा पेंच घालतो कीं, जो रक्षण करण्यांत कुशल, तोच चोरी करण्यांतहि कुशल असावयाचा. त्याचें तात्पर्य आम्ही असें घेतों कीं, कौशल्याच्या पोटीं सचोटी आपोआप जन्मास येत नाहीं; ती दुसरीकडून आणावी लागते. कारागिरानें ती स्वतःच्या मनांतून आणिली पाहिजे, यांत वाद नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्यानें ती आणिल्यावर तिला आमच्या घरांत बसावयास जागा असावी.

आणि लबाडी नेहमीं एकाच बाजूनें होते असेंहि नाहीं. गीझरचा थर्मोस्टॅट जळला असतां ‘तो काढून टाका व डायरेक्ट करून द्या’ असें सांगणारा बहुधा घरधनी असतो. थर्मोस्टॅट व त्याच्या जोडीचा संरक्षक कटआउट हे पाणी प्रमाणाबाहेर तापूं नये म्हणून असतात. ते वगळून वीज सरळ एलिमेंटास जोडली तर पाणी उकळत राहतें, आंतील दाब वाढतो व टांकी फुटण्याचीहि भीति असते. चारपांचशें रुपये वांचविण्यासाठीं आम्ही कारागिराकडे असत्य दुरुस्ती मागतों. तो नाहीं म्हणाला तर आम्ही ‘हा करणारा दुसरा मिळेल’ असें बोलून दाखवितों. येथें सचोटी विकत मिळत नाहीं अशी तक्रार नाहीं. ती फुकट मिळत असतां आम्हीच ती दाराबाहेर घालवितों.

कायद्यानें यांत पुष्कळ करतां येण्यासारखें आहे, आणि कांहीं झालेंहि आहे. १९८६ च्या व त्याच्या जागीं आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत सेवेंतील उणिवेबद्दल दाद मागण्याची सोय आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठीं समिती नेमली, व तिच्या कक्षेंत शेतीचीं अवजारें, मोबाइल व टॅब्लेट आणि वाहनें यांबरोबर घरगुती टिकाऊ वस्तूहि घातल्या. फ्रान्समध्यें २०२१ च्या जानेवारीपासून कपडे धुण्याच्या यंत्रांसारख्या कांहीं वस्तूंवर, त्या कितपत दुरुस्त होण्याजोग्या आहेत याचे दहांपैकीं गुण छापण्याचा नियम सुरू झाला. सुटे भाग व माहितीपत्रकें खुलीं झालीं, तर सोमवार बाजाराकडचा कारागीर कंपनीच्या माणसाच्या बरोबरीनें उभा राहूं शकेल, आणि एकाच्या म्हणण्याची परीक्षा दुसऱ्याकडून करून घेतां येईल. हें सर्व इष्टच आहे. तथापि कायदा पंपाची किंमत ठरवूं शकेल, पंप उघडण्याचा हक्क देऊं शकेल. चार भिंतींच्या आंत, गिऱ्हाइकाच्या अज्ञानाच्या अंधारांत, ‘पंप चांगला आहे’ हे शब्द उच्चारण्यास तो कोणास भाग पाडूं शकत नाहीं. ते शब्द बोलणाराच्या शीलावर व ऐकणाराच्या न्यायबुद्धीवर अवलंबून राहणार.

म्हणून आम्हीं स्वतःपुरते कांहीं नियम केले आहेत. तपासणीची फी आधीं ठरवावयाची, आणि दोष निघो वा न निघो, ती पुरी द्यावयाची. उपाय विचारण्यापूर्वीं कारण विचारावयाचें. गॅस गेला असेल तर कोठून गेला, हें दाखवावयास सांगावयाचें. भाग बदलला तर जुना भाग मागून घ्यावयाचा; यांत अविश्वास नाहीं, खऱ्या कारागिरास त्याचें राग येण्याचें कारणच नाहीं. ‘आतां यावर पैसे घालूं नका’ असा सल्ला मिळाला, तर तो दुरुस्तीइतकाच मोलाचा समजावयाचा. आणि जी दुरुस्ती करण्यास तो भितो, ती त्याच्या गळीं उतरवावयाची नाहीं.

हे नियम पाळल्यानें सारे कारागीर सत्यवादी होतील, अशा भ्रमांत आम्ही नाहीं. परवांच फ्रिज घरघर करूं लागला म्हणून आम्हीं त्याच नाण्याच्या कारागिरास बोलाविलें. त्यानें कान लावून ऐकलें, फ्रिज भिंतीपासून चार बोटें पुढें ओढला, एका पायाखालचा स्क्रू फिरवून तो समतोल केला, आणि आवाज थांबला. “कांहीं झालं नाहीं, भिंतीला टेकला होता,” असें म्हणून तो पायांत चपला घालूं लागला. पैशांची गोष्टच त्यानें काढली नाहीं. आम्हीं ठरलेली फी पुढें केली. “कशाचे, काका?” तो म्हणाला. “कांहीं झालं नाहीं, हें सांगितल्याचे.” त्यानें क्षणभर आमच्याकडे पाहिलें, पैसे घेतले, आणि जातां जातां स्वयंपाकघरांतील पंख्याकडे बोट दाखवून म्हणाला कीं, त्याचा कपॅसिटर अजून एखादा उन्हाळा काढील, इतक्यांत बदलूं नका.