दुसऱ्याच्या चुलीवर

सुट्टी म्हणजे आधी स्वयंपाकघरातून सुट्टी, अशी माझी आजवरची साधी समजूत होती. त्यामुळे गेल्या वर्षी मे महिन्यात मी इंग्लंडला लेकीकडे गेले असताना ती म्हणाली, "आई, चार दिवस आपण एका जुन्या घरात राहू. भाड्याने मिळतं. स्वयंपाक मात्र आपला आपण करायचा," तेव्हा मला हसूच आले. पैसेही आपण मोजायचे आणि भांडीही आपणच घासायची, ही कसली सुट्टी? हे सुख तर मला घरी फुकट मिळते!

"किती जुनं घर आहे?" मी विचारले.

"सहाशे वर्षांहून जुनं. विणकरांचं."

विणकरांचे, हा शब्द ऐकला आणि मी पुढे काही बोलले नाही. माझे माहेर येवल्याचे. वडिलांचा पैठणीचा माग आमच्या पुढच्या खोलीत होता. मागाचा खटखटाट थांबला की रात्र झाली, हे आम्हा भावंडांना घड्याळाशिवाय कळे.

ग्लॉस्टरशायर परगण्यात कॉट्सवोल्डच्या टेकड्यांमध्ये बायबरी नावाचे खेडे आहे. कोल्न नावाची उथळ, नितळ नदी त्या गावातून वाहते. नदीपलीकडे उतरत्या रस्त्याला धरून एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसलेली दगडी घरांची एक ओळ आहे. तिचे नाव आर्लिंग्टन रो. दगड मधाच्या रंगाचा आहे. छपरावर कौले नाहीत, दगडाच्याच चपट्या फरश्या आहेत. वळचणीजवळ मोठ्या आणि आढ्याकडे लहान होत गेलेल्या. ही इमारत सुमारे १३८० साली लोकर साठवण्याचे मठाचे कोठार म्हणून बांधली गेली. आपल्याकडे तेव्हा बहामनी राज्य स्थापन होऊन तीसेक वर्षे झाली होती. पुढे सतराव्या शतकात कोठारात भिंती घालून विणकरांची बिऱ्हाडे केली. समोर पाणथळ कुरण आहे, त्याला रॅक आइल म्हणतात, कारण विणलेले कापड वाळवण्याच्या चौकटी तिथे मांडलेल्या असत. जवळच्या आर्लिंग्टन मिलमध्ये त्या कापडाला कुटून घट्टपणा आणीत.

ही ओळ आता नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे. बहुतेक घरांत बारमाही भाडेकरू राहतात. एक घर सुट्टीसाठी येणाऱ्यांना देतात. त्यात आम्ही मायलेकी उतरलो. खाली बसायची खोली आणि चिमुकले स्वयंपाकघर, वर निजायची खोली, आणि दोहोंना जोडणारा असा जिना, की चढताना आपोआप देवळात शिरल्यासारखी मान खाली जावी. भिंती हातभर जाड. खिडक्या लहान. दारातून आत येताना पहिल्या दिवशी लेकीचे कपाळ आपटले. मला मात्र काही झाले नाही. अशाच दारातून वाकून ये-जा करीत मी लहानाची मोठी झाले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे केले. लेकीच्या घरून हिंग, मोहरी, हळद बरोबर नेली होती. फोडणी चरचरली आणि त्या सहाशे वर्षांच्या भिंतींनी प्रथमच हिंगाचा वास घेतला असेल, अशा विचाराने मी स्वतःवरच खूष होऊन वास बाहेर जावा म्हणून खिडकी उघडली. समोर एक गृहस्थ कॅमेरा डोळ्याला लावून उभे! त्यांच्या मागे आणखी पंधरा-वीस माणसे. घराचे छायाचित्र घ्यायला ती आली होती, आणि त्या छायाचित्राच्या मधोमध मी, हातात झारा घेऊन.

दिवसभर हेच चालले. बसगाड्या येत, माणसे उतरत, घरांच्या ओळीपाशी उभी राहून हसत, आणि निघून जात. कुणी खिडकीच्या काचेला नाक लावून आत पाही. मला राग आला. अहो, माणसे राहतात इथे! पण राग ओसरल्यावर मनात आले, मी तरी इथे कोण? त्यांनी बाहेरून पाहिले, मी पैसे भरून आतून पाहते आहे. एवढाच काय तो फरक! त्या मनुष्याला हवे होते तेच मलाही हवे होते: दुसऱ्याचे जुने जगणे, स्वच्छ पुसलेले, ऊब असलेले, नळाला गरम पाणी असलेले.

कारण ज्याला मी 'किती गोड घर' म्हणत होते, ते कुणा विणकराला गोड वाटले असेल का? एवढ्याशा जागेत माग, बायको, पोरे. बायकोने आणि मुलांनी लोकर पिंजून सूत कातायचे, त्याने विणायचे, आणि व्यापारी देईल त्या दरात कापड घालायचे. लहान खिडकीतून येणारा उजेड संपला की काम संपले. १७३३ साली जॉन के याने धावता धोटा काढला, मागून यंत्रे आली, गिरण्या आल्या, आणि घरातला माग हळूहळू बंद पडला. ज्यांना जमले ते दुसरीकडे गेले. त्यांच्यापैकी कुणाला सांगितले असते, की पुढे लोक इथे चार रात्री निजायला रांगेने पैसे भरतील, तर त्याला ती चेष्टा वाटली असती.

मला हे कल्पनेने लिहावे लागत नाही. आमचे वडील खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत. पावसाळ्यात खड्ड्याला ओल येई आणि त्यांचे गुडघे धरत. पदरावरचा मोर उठवताना ते धागा न् धागा मोजीत, आणि चाळिशी उलटायच्या आतच त्यांचे डोळे अधू झाले. आम्ही पोरे कांड्या भरून देत असू. पण मागावर बसायचा हट्ट धरला की ते रागावत. "हे माझ्यापाशी संपू दे," म्हणत. त्यांच्या इच्छेप्रमाणे ते त्यांच्यापाशीच संपले. मी शिक्षिका झाले, धाकटा भाऊ नोकरीत शिरला, आणि येवल्याच्या घरात तो माग धूळ खात राहिला.

योगायोग असा, की बायबरीतल्या तिसऱ्या रात्री भावाचा फोन आला. नवे हॉटेल बांधणारा कुणीतरी घर पाहून गेला होता. त्याला घर नको होते. नक्षीची चौकट, चार सागवानी खांब आणि वडिलांचा माग एवढेच हवे होते. माग तो दर्शनी दालनात मांडणार होता. भाव चांगला देत होता. घरावर माझेही नाव असल्यामुळे माझी संमती पाहिजे होती.

"खांब काढले तर घर उभं राहील का रे?" मी विचारले.

"ताई, नाही तरी किती वर्षं राहणार आहे? दर पावसाळ्याला गळतं. तू येतेस का बघायला?"

मी म्हणाले, "बापूंचा माग हॉटेलात शोभेला ठेवायचा?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, तू आत्ता कुठे आहेस? कुणा गोऱ्या विणकराच्या घरात, रात्रीचे पैसे मोजून. त्याच्या घराची शोभा तुला चालते, आपल्या मागाची मात्र चालत नाही?"

मी उत्तर देऊ शकले नाही. उद्या सांगते म्हणून फोन ठेवला. झोप आली नाही.

या भागात हेन्री फोर्डची गोष्ट ऐकायला मिळते. मोटारींचा कारखानदार फोर्ड. १९३० साली त्याने बायबरीजवळच्याच चेडवर्थ गावातले रोझ कॉटेज नावाचे जुने घर विकत घेतले, दगड सुटे करून, त्यांवर खुणा घालून, ते जहाजाने अमेरिकेला नेले आणि मिशिगनमधल्या आपल्या संग्रहालयात, ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये, पुन्हा जसेच्या तसे उभारले. ते आजही तिथे आहे. आर्लिंग्टन रोची ही ओळही त्याला न्यायची होती, असे सांगतात. फोर्डला हसणे सोपे आहे. पण त्याने ते घर मोडू दिले नाही, हेही खरे. आमच्या खांबांचा गिऱ्हाईक तरी वेगळे काय करणार होता? वाळवीपेक्षा तो बरा, असे भाऊ म्हणतो, त्याला काय उत्तर द्यायचे?

याच बायबरीला इंग्लंडमधले सर्वांत सुंदर खेडे म्हणणारा विल्यम मॉरिस कवी होता, आणि स्वतः मागावर बसून विणणाराही होता. १८७७ साली त्याने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. तिचा आग्रह असा, की जुन्या वास्तूला नव्याने जुनी करू नका. वेळच्या वेळी दुरुस्ती करीत राहा. छप्पर गळले तर छप्पर नीट करा. मॉरिसचे हे म्हणणे मला त्या रात्री एखाद्या घरकरणीच्या बोलण्यासारखे वाटले. घर टिकते ते कौतुकाने नव्हे. रोज कुणीतरी केर काढते म्हणून टिकते.

आणि मग ज्या गोष्टीला मी पहिल्या दिवशी हसले होते, तिचा अर्थ मला निराळाच दिसू लागला. १९६५ साली जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नीने इंग्लंडमध्ये लँडमार्क ट्रस्ट नावाची संस्था काढली. कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या लहान जुन्या इमारती सावरायच्या, आणि त्या तिकीट लावून दाखवायच्या नाहीत, तर चार-आठ दिवस राहायला द्यायच्या. भाड्यातून डागडुजी होते, आणि घरात चूल पेटत राहते. तिकीट काढून आलेला माणूस दोरीच्या अलीकडून पाहतो. राहायला आलेल्याला मात्र दूध उतू गेले तर ओटा पुसावा लागतो, ओलसर कोपऱ्यात काय ठेवू नये हे शिकावे लागते, कपाळ एकदा आपटल्यावर वाकून चालावे लागते. घराचा थोडासा जाच त्याच्या वाट्याला येतो.

चार दिवसांच्या पाहुण्याचा जाच तो केवढा, असे कुणी म्हणेल. खरे आहे. शेजारच्या घरातली माणसे बाराही महिने खिडकीवरची नाके सोसतात. त्यांच्यापुढे माझी भांडी घासणे काहीच नाही. भाडे भरून मी त्या जुन्या विणकराचे दुःख वाटून घेतले, असे म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण मला एवढे कळले, की जुन्यावर हक्क सांगायचा असेल तर त्याच्या गैरसोयीतला आपला वाटा उचलला पाहिजे. बायबरीतल्या अनोळखी घराचा वाटा मी पैशाने आणि हाताने उचलला होता. येवल्याच्या घराचा मात्र मुळीच नाही. सात वर्षांत मी तिथे एक रात्र राहिले नव्हते. गळती भावाने काढायची, घरपट्टी भावाने भरायची, आणि त्याने माग विकायचे म्हटले की आठवणींचा गहिवर माझ्या गळ्यात! भावाला राग आला तो याचाच. आणि तो बरोबर होता.

चौथ्या दिवशी निघताना आम्ही चादरी घड्या करून ठेवल्या, केर काढला, ओटा पुसला. टेबलावर पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही होती. कुणी नदीतल्या ट्राउट माशांबद्दल लिहिले होते, कुणी जिन्याबद्दल इशारा दिला होता. लेक म्हणाली, "आई, तू लिही." काय लिहावे सुचेना. शेवटी मराठीतच लिहिले, 'आम्हीही विणकरांच्याच घरच्या,' आणि खाली तारीख घातली.

बाहेर पडल्यावर भावाला फोन केला. म्हटले, "खांब आणि चौकट काढायची नाही. छपराचा या वर्षीचा खर्च माझा. आणि दर वर्षी पंधरा दिवस मी तिथे येऊन राहीन."

"पंधरा दिवसांनी काय होणार आहे, ताई?"

"माहीत नाही. पण उरलेल्या दिवसांचं काय, ते तिथं राहून दोघं मिळून ठरवू."

"आणि माग?"

मागाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आजही नाही. ज्या मागाने बापूंचे डोळे नेले, तो जपावा की जाऊ द्यावा, हे त्यांच्या मुलीला ठरवता येत नाही. 'माझ्यापाशी संपू दे' म्हणणाऱ्या माणसाला त्याचा शोभेचा देखावा आवडला नसता, एवढे मात्र मला खात्रीने वाटते. तूर्त आम्ही तो हलवलेला नाही. या पावसाळ्याआधी छप्पर शाकारून घेतले. एक कोपरा अजून गळतो.

या दिवाळीत मी येवल्याला जाणार आहे. फराळाचे सारे तिथेच, त्या जुन्या स्वयंपाकघरात करायचे ठरवले आहे. भावाला कळवले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "ये ताई, पण पाहुणी म्हणून नको. येताना झाडू घेऊन ये."