पाहण्याची किंमत

डोळ्यांनी पाहिलं ते खरं, असं आपण सहज म्हणून जातो. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेलं तर त्याहून खरं वाटतं. मला मात्र प्रश्न पडतो: एखादी गोष्ट दिसावी म्हणून आपण तिच्यावर जे काही करतो, ते त्या दिसण्यातून वजा कसं करायचं?

साधा प्रकाश-सूक्ष्मदर्शक घ्या. पेशी बरीचशी पारदर्शक असते, म्हणून ती रंगवावी लागते आणि रंगवण्याआधी बहुतेक वेळा मारावी लागते. फ्रिट्स झेर्निकेने प्रकाशलहरींच्या कलेतला फरक उजेड-अंधारात उतरवण्याची युक्ती काढली आणि न रंगवलेली, जिवंत पेशी स्पष्ट दिसू लागली. त्याबद्दल त्याला १९५३ साली नोबेल मिळालं. पण साध्या प्रकाशात सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू एकच दिसतात. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकात हवं तेवढंच प्रथिन उजळतं, बाकीची पेशी अंधारात राहते. आणि फार वेळ पाहत बसलं तर तो प्रकाशच पेशीला इजा करतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कितीतरी खोल जातो, पण नमुना निर्वातात टिकायला हवा. मग पेशी रसायनांनी स्थिर करा, पाणी काढून टाका, रेझिनमध्ये बसवा, पातळ काप घ्या, जड धातूंचे क्षार चढवा. तपशील अफाट मिळतो, पण मेलेल्याचा.

१९५०-६०च्या दशकांत याच रीतीने जीवाणूंच्या पटलाला आत पडलेल्या घड्या दिसल्या. त्यांना ‘मेसोसोम’ हे नाव मिळालं, श्वसनापासून पेशीविभाजनापर्यंतची कामंही नेमून दिली गेली. पुढे रसायनांऐवजी नमुने झटक्यात गोठवून पाहिले, तेव्हा त्या घड्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या. त्या बहुतांशी आपल्याच रसायनांनी पाडल्या होत्या. माझ्या अकरावीच्या पुस्तकात मात्र मेसोसोम ऐटीत बसला होता. आकृतीत नाव दिलं की गुण मिळायचे.

यात कुणी खोटं बोललं नव्हतं, आणि मला तेच अस्वस्थ करतं. घड्या खरोखर दिसत होत्या. उलगडा झाला तोही जास्त ताकदीच्या भिंगाने नव्हे. यंत्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच होतं. नमुन्याला वागवण्याची रीत बदलली.

म्हणून कोणता सूक्ष्मदर्शक श्रेष्ठ, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. शोधनिबंधात नमुना कसा तयार केला हे सांगणारा एक रुक्ष भाग असतो. तो वगळून आपण थेट चित्राकडे वळतो. माझ्या लेखी निबंधातला नैतिक भाग तोच. तिथे पाहणारा कबूल करतो: मी आधी एवढं केलं, मग हे दिसलं.

माणसांना पाहताना आपण एवढंही करत नाही. परीक्षेत मुलाची बुद्धी दिसली, चौकशीत माणसाचा लबाडपणा दिसला, असं छातीठोकपणे सांगतो. त्याआधी त्याला किती ताणलं, किती वाळवलं, याची नोंद कुठेच नसते.