मागची पत, पुढची पत

अमरावती-अकोल्याकडे ‘मराठी माणूस आणि उद्योग’ या विषयावर व्याख्यान असलं, की ते कुठल्या वळणाला जाणार हे आधीच ठाऊक असतं. मारवाडी दीडशे वर्षांपूर्वी लोटा-दोरी घेऊन आला, आज त्याच्या जिनिंग आहेत, दालमिला आहेत. सिंधी फाळणीनंतर अंगावरच्या कपड्यांनिशी आला, आज घाऊक कापडाच्या बाजारात त्याचा शब्द चालतो. मग दोघांची तुलना होते, कोण किती वर्षांत कुठवर पोचला याचा हिशेब मांडला जातो आणि श्रोत्यांतून कुणीतरी निकाल देऊन टाकतो, “त्याईचं काय बाप्पा, त्याईच्या रक्तातच धंदा हाये.” टाळ्या पडतात. मला या टाळ्या सहन होत नाहीत. या एका वाक्यानं वऱ्हाडाचा दीडशे वर्षांचा आर्थिक इतिहास पुसला जातो, आणि ज्याच्या रक्तात म्हणे धंदा नाही, त्या कास्तकाराच्या पोराला काही न सांगता घरी पाठवलं जातं.

स्थलांतरितांची अशी प्रतवारी जगभर चालते. अमेरिकेत आल्बेनियातून आलेली कुटुंबं आणि इस्रायलमधून आलेली कुटुंबं यांची कमाई शेजारी शेजारी ठेवून दोन समाजांच्या स्वभावाबद्दल बोलणारे आहेतच. आल्बेनियाच्या सरहद्दी दशकानुदशकं बंद होत्या. १९९१च्या ऑगस्टमध्ये ‘व्लोरा’ नावाच्या एकाच जहाजावर सुमारे २०,००० माणसं चढली आणि इटलीतल्या बारी बंदरात उतरली. अशा देशातून निघालेल्याच्या शिक्षणाला, तो इटलीत जावो की अमेरिकेत, बाहेर फारसा भाव नव्हता, पुढं ओळखीचं सहसा कुणी नव्हतं. तेल अवीवहून निघणाऱ्या अभियंत्याचं तसं नसतं. पुष्कळदा त्याच्या आधी त्याची नोकरी तिकडे पोचलेली असते. अशा दोघांच्या दहा वर्षांनंतरच्या मिळकतीत जे अंतर दिसतं, त्यातलं निघतानाचं किती आणि स्वभावाचं किती, हे वेगळं काढल्याशिवाय तुलनेला काही अर्थ उरत नाही.

माझं म्हणणं असं, की बाहेरून आलेल्या समाजाचं आर्थिक बरेपण मिळकतीवरून कळत नाही. त्यासाठी पत पाहावी लागते. या वर्षी किती आलं, ही मिळकत. या वर्षी सगळं गेलं तर पुढच्या वर्षी माल कोण देईल, ही पत. आणि तिचेही दोन प्रकार आहेत. एक पत आपल्या मागून येते, म्हणजे आपल्या आधी उभ्या असलेल्या नातलगाकडून, पेढीकडून. दुसरी पुढून मिळवावी लागते, म्हणजे ज्याच्याशी काही नातं नाही अशा व्यापाऱ्याकडून, व्यवहार करता करता. वऱ्हाडातल्या मारवाडी आणि सिंधी समाजांत फरक असेल तर तो इथं आहे.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे आलं, १८६१ ते ६५च्या अमेरिकी यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला, १८६७ साली आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, १८७० साली खामगावात लॉर्ड मेयोच्या उपस्थितीत कापसाच्या बाजाराचा सोहळा झाला, हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलो. जे कमी ऐकतो ते असं: त्याच काळात मुंबईच्या धर्तीवर जमाबंदी झाली आणि खातेदाराला आपली जमीन गहाण टाकण्याचा, विकण्याचा हक्क मिळाला. कापूस पेरणाऱ्याकडे प्रथमच तारण ठेवता येईल असं काही आलं. मुंबईच्या निर्यातदाराचा पैसा बोंडापर्यंत आणायला मधे माणसांची साखळी लागत होती, आणि ती मारवाडी पेढ्यांकडे तयार होती. कामठी-नागपूरची बन्सीलाल अबीरचंद डागांची पेढी ही त्यातली मोठी. बिकानेर-शेखावटीतून निघालेला पोरगा अशा पेढीवर आधी गुमास्ता व्हायचा, जेवण-राहणं तिथंच, खतावणी लिहायला शिकायचा, काही वर्षांनी मालकाच्याच पैशावर तालुक्याच्या गावी आपली अडत टाकायचा. थॉमस टिंबर्ग यांनी मारवाड्यांवरच्या १९७८च्या पुस्तकात ही रीत तपशिलानं मांडली आहे. लोटा-दोरी खरी असेल, पण तिच्यामागं मुंबईपर्यंत चालणारी हुंडी होती, आणि कथेतून नेमकी तीच गाळली जाते.

आता ‘रक्ता’कडे वळतो. या मताला मी सहज सोडणार नाही, कारण ते शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडी ‘संस्कार’ हे नाव घेऊन पुन्हा येतं. काटकसर, पहाटे उठणं, पोराला लहानपणीच गल्ल्यावर बसवणं, दिखाऊ खर्च टाळणं. बरं, हेच यशाचं कारण धरू. मग कारंजा लाडचं काय करायचं? कारंजा हे जुनं व्यापारी गाव, इतकं संपन्न की १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेनं तिथून मोठी लूट नेली. लाड वाणी, जैन, कोमटी असे पिढीजात व्यापारी वऱ्हाडात होते. काटकसर त्यांच्याकडे होती, चोपड्या होत्या, पहाटेचं उठणंही होतं. पण मुंबईची मुख्य रेल्वेलाइन कारंज्यावरून गेली नाही आणि त्यांची पत मुख्यतः पंचक्रोशीत चालणारी होती. मुंबईच्या निर्यातदाराच्या दारात त्यांच्यासाठी उभं राहणारं कुणी नव्हतं. कापसाचं युग आलं तेव्हा संस्कार जिथल्या तिथं राहिले आणि पैसा अकोला-अमरावती-खामगावच्या वाटेनं गेला.

दुसरी गोष्ट, आपण मोजतो कुणाला? ज्यांच्या नावाच्या पाट्या रस्त्यावर दिसतात त्यांना. मारवाडातून आलेले सगळे सेठ झाले नाहीत. कित्येक जन्मभर दुसऱ्याच्या पेढीवर मुनीम राहिले, कित्येक आचारी आणि मिठाईवाले झाले, कित्येक मंदीत किंवा १८९९-१९००च्या दुष्काळात मोडून देशी परतले असतील. त्यांच्या रक्तात काही वेगळं नव्हतं. ते आपल्या नजरेसमोर नाहीत, म्हणून आपल्या सरासरीतही नाहीत. यशस्वी माणसं गोळा करून त्यांच्यात यशाचा गुण शोधला की तो सापडणारच.

आणि तिसरी गोष्ट सिंधी समाजाची, जी मला निर्णायक वाटते. सिंधमध्ये अमील आणि भाईबंद हे हिंदूंमधले दोन ठळक थर होते. अमील शिकलेले, सरकारी नोकरीतले. भाईबंद व्यापारी, त्यातल्या हैदराबादकरांच्या पेढ्या दूरदेशी पसरलेल्या आणि शिकारपूरकरांच्या हुंड्या बुखाऱ्यापर्यंत चालणाऱ्या. जानेवारी १९४८च्या कराचीतल्या दंगलीनंतर लोंढे वाढले आणि सगळ्यांना जागा मिळेल तिथल्या छावणीत उतरावं लागलं. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांचं १९४९मध्ये उल्हासनगर झालं. आपल्याकडे अमरावतीत रामपुरी कॅम्प, अकोल्यात सिंधी कॅम्प. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या नोकरी होती त्यातलीही पोरं आगगाडीत गोळ्या-बिस्किटं विकू लागली आणि पुढं दुकानदार झाली. रक्तात काय होतं ते कुठं गेलं? उलट, ज्या समाजाच्या हुंड्या मध्य आशियात पटत होत्या, त्याला छावणीबाहेर कापडाचा तागा उधार मिळणं मुश्किल होतं. धंद्याचं ज्ञान सगळं बरोबर आलं होतं, फक्त ओळखणारा माणूस मागं राहिला होता. ज्ञान पुरेसं असतं तर हे झालं नसतं.

सावकारीनं लुटूनच मारवाडी मोठा झाला, हे म्हणणारे कर्ज काढणाऱ्याचं दुःख खरं सांगतात, पण काहींकडे द्यायला पैसा आला कुठून, हा प्रश्न तसाच ठेवतात. सरकारी मदतीनं सिंधी वर आला, हे म्हणणाऱ्यांनी १९५४च्या नुकसानभरपाई कायद्याखालच्या नियमांतलं प्रमाण बघावं: दावा जितका मोठा, भरपाईची टक्केवारी तितकी कमी.

मग सिंधी व्यापाऱ्यानं पत उभी कशी केली? कॅम्पातल्या जुन्या माणसांकडून एक गोष्ट ऐकायला मिळते. माल आणला त्याच भावाला विकून टाकायचा आणि रिकामं बारदान, खोके, पुठ्ठे विकून जे सुटेल तो आपला नफा. व्याख्यानात ही गोष्ट काटकसरीचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला ती वेगळी दिसते. मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमधला घाऊक व्यापारी अनोळखी माणसाला पहिल्या खेपेला रोखीनंच माल देणार. तो माल महिनाभरानं संपला तर वर्षात बारा खेपा. आठवड्यात संपला तर पन्नास. पन्नास वेळा वेळेवर पैसे मोजणाऱ्याला एक्कावन्नाव्या वेळी तो म्हणतो, या वेळचे नंतर दिले तरी चालतील. नफा सोडून या माणसानं व्यापाऱ्याचा विश्वास विकत घेतला. ज्याच्या मागं पेढी आहे त्याला हे करावं लागत नाही. तो माल वखारीत ठेवतो, भाव चढायची वाट बघतो. ‘मारवाडी धीराचा, सिंधी घाईचा’ हे आपल्या बाजारातलं निरीक्षण खरं आहे, पण त्याचा उगम स्वभावात नाही. धीर धरणं मागच्या पतीमुळं परवडतं, घाई पुढची पत मिळवण्यासाठी करावी लागते.

अमरावतीच्या एका कापड दुकानात मी भिशी फुटताना पाहिली आहे. बसायला गादी, मधे स्टीलचा डबा, डब्यात चिठ्ठ्या. समजा २० जण, महिन्याला प्रत्येकी १०,०००. म्हणजे दर महिन्याला एकाच्या हातात दोन लाख. त्या दिवशी नाव एकाचं निघालं आणि पैसे दुसऱ्याला गेले. त्या दुसऱ्याचं गिऱ्हाईक बुडालं होतं आणि त्याला सुरतेचं देणं होतं. पहिल्यानं, “तुम्ही घ्या, माझा नंबर पुढं लावा,” एवढंच म्हटलं. कागद झाला नाही, व्याज ठरलं नाही. कॅम्पात उतरलेल्या पिढीला असा डबा नव्हता. तिच्या नातवंडांना आहे. पुढून मिळवलेली पत दोन पिढ्यांत मागची झाली, ती अशी.

म्हणूनच आज मारवाडी पुढे की सिंधी, या प्रश्नात मला काही उरलेलं दिसत नाही. मारवाडी पतीची खरी परीक्षा १९७२ साली झाली. एकाधिकार कापूस खरेदी आली, शेतकऱ्यानं कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा असं ठरलं आणि शंभर वर्षांचा खासगी धंदा कायद्यानं बंद झाला. रक्तात जो धंदा होता तोच गेला म्हणायचा. कापसावर बसलेल्या कितीतरी पेढ्यांनी पाट्या उतरवल्या, पण कुटुंबं बुडाली नाहीत. पैसा अकोल्याच्या दालमिलांत गेला, तेलात गेला, बी-बियाण्यात, जागांत, शिक्षणसंस्थांत गेला. धंदा बदलायला दोन-चार वर्षं तोट्यात काढावी लागतात, आणि ती काढू देणारं कुणीतरी त्यांच्या मागं होतं.

हीच परीक्षा वऱ्हाडातला कास्तकार कितव्यांदा देतो आहे? त्या जुन्या साखळीचं शेवटचं टोक तोच होता. त्याच्या जमिनीच्या तारणावर सगळी साखळी उभी होती, आणि त्याची स्वतःची पत त्या जमिनीपलीकडे कधी गेलीच नाही. सहकारी बँका आल्या, १९३३ साली कर्जतडजोडीचा कायदा झाला, २००६ साली अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं, २००८, २०१७, २०१९ साली कर्जमाफ्या झाल्या. जुनं कर्ज कमी करायचं म्हणून हे सगळं आवश्यकच होतं आणि त्याला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण कर्ज माफ झालं म्हणजे पत आली असं होत नाही. लागोपाठ दोन हंगाम गेले तर तिसऱ्या पेरणीला विनाअट उभं राहणारं कोण, याचं उत्तर यांतल्या कशातच नव्हतं. ते आज कृषी सेवा केंद्रवाला देतो, बी-खत उधार देतो, आणि कापूस निघाला की तो त्याच्याच काट्यावर घालावा लागतो. ही उधारी माणसाला पडू देत नाही हे खरं, पण हलूही देत नाही.

अशा घरातल्या पोराला व्यासपीठावरून सांगितलं जातं, धंद्यात उतर, सिंध्यांकडून शीक, मारवाड्यांकडून शीक. त्यानं शिकावं तरी काय? पहिलं दुकान बुडालेल्या मारवाडी पोराला मामा आपल्या पेढीवर बसवून घेतो. सिंधी पोरासाठी कुणीतरी आपला भिशीचा नंबर मागं सरकवतो. कास्तकाराच्या पोराचं पहिलं दुकान बुडालं, की सातबाऱ्यावर बोजा तेवढा राहतो, आणि तो बोजा बघून पुढच्या मृगात बँक त्याच्या बापाला पेरणीचं कर्ज नाकारते.