धीटपणाचे माप

मराठीच्या तासाला ज्याला उत्तर येत नाही तो गप्प बसतो. इंग्रजीच्या तासाला ज्याला येते तोही गप्प बसतो. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आली, पण ही भीती काही गेली नाही.

पंडितांनी तिची मोजदाद केली आहे. १९८६ साली एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परभाषेच्या वर्गातील धास्ती मोजण्यासाठी तेहेतीस विधानांची प्रश्नावली तयार केली. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने भावनिक बुद्धिमत्तेचा बोलबाला केला. मागोमाग संकटात टिकण्याची बुद्धी आली, आध्यात्मिक बुद्धीही आली. या साऱ्यांना मी नावे ठेवत नाही. पडून पुन्हा उठणारे मूल भाषा लवकर शिकते, हे कोणताही मास्तर सांगेल. माझी शंका निराळी आहे. हे माप घ्यायचे ते कुणाचे?

काही वर्षांपूर्वी एका मुलाने फळ्यावरचा बुधवारचा इंग्रजी शब्द ‘वेडनेसडे’ असा वाचला. वर्ग हसला, मीही हसलो. वास्तविक त्याने चूक ती काय केली? जसे लिहिले तसे वाचावे, हा मराठीने शिकवलेला प्रामाणिकपणाच त्याने तिथे वापरला. त्या वर्षी त्याचा हात पुन्हा वर झाला नाही. त्याला ती तेहेतीस विधाने दिली असती तर तो भित्रा ठरला असता. आकडा खरा असता. पण तो त्याच्या नावावर मांडला गेला असता, आणि कारण तर माझ्या चेहऱ्यावर होते!

गीतेत स्थितप्रज्ञाची लक्षणे येतात ती अर्जुनाने आपण होऊन विचारल्यावर. समता हा स्वतःकडे मागायचा गुण आहे. बलवंताने तो दुबळ्याकडे मागितला की त्याची शिक्षा होते. मुलाने हसू सोसावे ही अपेक्षा करण्याआधी आपण हसू आवरले काय, हे मास्तराने पाहायला नको काय?

एक गोष्ट मी त्या मुलाला सांगितली नाही. त्या शब्दाचे स्पेलिंग मी लहानपणी ‘वेड-नेस-डे’ असेच घोकून पाठ केले होते. तेवढे एक वाक्य वर्गात बोलायला धीटपणा लागला असता. त्या दिवशी कमी पडला तो माझा.